पडद्यावरचा संपादक आणि पडद्याबाहेरचे माधवराव

वेस अँडरसन या अमेरिकन दिग्दर्शकाचा 'द फ्रेंच डिस्पॅच' हा चित्रपट २०२१ साली प्रदर्शित झाला. एका काल्पनिक फ्रेंच गावातून निघणारे एक अमेरिकन नियतकालिक, त्याचा वृद्ध संपादक आणि त्याचे लहरी पण जिवाला जीव देणारे लेखक एवढाच त्याचा विषय आहे. संपादकाच्या मृत्यूने चित्रपटाचा प्रारंभ होतो. त्याच्या मृत्युपत्रानुसार नियतकालिकही त्याच्याबरोबरच बंद होणार असते, आणि आपण पाहतो तो त्या नियतकालिकाचा शेवटचा अंक. येथे अंक हा शब्द मी अलंकार म्हणून योजलेला नाही. चित्रपटाची घडणच अंकाची आहे: प्रथम मृत्युलेख, मग गावाचे वर्णन करणारे एक लहानसे स्फुट, आणि त्यानंतर तीन दीर्घ लेख. प्रेक्षकाला पाने उलटीत गेल्याचा भास व्हावा अशी ही योजना आहे.

या काल्पनिक पत्राच्या मागे उभे आहे ते हॅरल्ड रॉस यांनी १९२५ साली स्थापन केलेले 'न्यू यॉर्कर'. बिल मरे यांनी रंगविलेल्या संपादकात रॉस आणि त्यांच्यानंतर १९५२ पासून १९८७ पर्यंत ते पत्र चालविणारे विल्यम शॉन हे दोघेही मिसळले आहेत. १९६८ च्या पॅरिसमधील विद्यार्थ्यांच्या उठावाची दैनंदिनी लिहिणाऱ्या मॅव्हिस गॅलंट, जेम्स बाल्डविन, खाद्यरसिक ए. जे. लीबलिंग, कलाव्यापारी ड्यूव्हीन यांचे व्यक्तिचित्र लिहिणारे एस. एन. बेहरमन ही सारी मंडळी नावे बदलून पडद्यावर वावरतात. त्यांच्यात जोसेफ मिचेल यांचा अंश असलेला सायकलस्वार लेखकही आहे. मिचेल यांची खरी कथा मात्र पडद्यावरील कथेहून अधिक चटका लावणारी आहे. १९६४ नंतर त्यांचा एकही नवा मोठा लेख त्या पत्रात आला नाही, तरीही १९९६ साली मृत्यू येईपर्यंत ते कचेरीत येत राहिले आणि पत्राने त्यांना येऊ दिले. नियतकालिकाने लेखकावर केलेल्या प्रेमाचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

हे सारे हृद्य आहे. परंतु चित्रपट संपल्यावर माझ्या मनात एक शंका राहिली. हा संपादक कोणत्या अडचणीत आहे? लेखकाने ठरविल्यापेक्षा दुप्पट मजकूर आणला, एवढीच त्याची अडचण. 'न्यू यॉर्कर'च्या पाठीशी आरंभापासून राऊल फ्लाइशमान यांच्या घराण्याचा पैसा होता. त्या संपादकाला कोणी न्यायालयात ओढून नेत नव्हते आणि दर महिन्याला टपालखर्चासाठी उसनवारीही करावी लागत नव्हती. आपल्याकडील नियतकालिकांच्या इतिहासात ज्या दोन गोष्टी कधीही सुटत नाहीत, त्या म्हणजे तोटा आणि खटला. त्या दोन्ही या सुंदर चित्रपटात जवळजवळ अनुपस्थित आहेत. हा त्या दिग्दर्शकाचा दोष नव्हे, त्याचे मूळच निराळे होते. मात्र आपल्या संपादकांना अशी आदरांजली वाहावयाची झाल्यास तिचे रूप कोणते असेल, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

मराठीत असा एक प्रयत्न झालेला आहे. अमोल पालेकर यांचा 'ध्यासपर्व' हा २००१ सालचा चित्रपट रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या जीवनावर आधारलेला असून त्यात किशोर कदम यांनी रघुनाथरावांची व सीमा बिस्वास यांनी मालतीबाईंची भूमिका केली आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या या ज्येष्ठ पुत्राने १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. १९२५ साली, हे कार्य की प्राध्यापकी अशी निवड करण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी सोडली, आणि जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले. ते पुढे सव्वीस वर्षे चालले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव वारले आणि नोव्हेंबरच्या अंकानंतर मासिकही थांबले. अँडरसनच्या संपादकाला आपले पत्र आपल्याबरोबर मिटविण्यासाठी मृत्युपत्र करावे लागले. कर्व्यांच्या बाबतीत त्याची गरजच नव्हती, कारण लेखक, संपादक, मुद्रितशोधक, व्यवस्थापक आणि तोटा सोसणारा धनी हे सर्व एकच गृहस्थ होते.

'समाजस्वास्थ्या'वर खटले झाले. १९३१ च्या खटल्यात शंभर रुपये दंड झाला आणि उच्च न्यायालयातील अपील फेटाळले गेले. १९३४ साली वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून दुसरा खटला उभा राहिला, तेव्हा त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. तोही खटला हरला आणि दंड दोनशे रुपये झाला. रघुनाथरावांनी दंड भरला आणि पुढचा अंक काढला. ते वाकले नाहीत, आणि वाकण्याचा विचारही त्यांच्या मनात आला असेल असे त्यांच्या लेखनावरून वाटत नाही.

'ध्यासपर्व' हा प्रामाणिक चित्रपट आहे, परंतु तो चरित्रपट आहे. त्याचा नायक माणूस आहे, मासिक नव्हे. माणसाच्या आयुष्याला आरंभ, संघर्ष आणि शेवट असतो. मासिकाच्या आयुष्यात दर महिन्याला तोच आरंभ आणि तीच धांदल असते, म्हणून ते पडद्यावर आणणे अवघड. त्यात आणखी एक गंमत अशी घडली की या चित्रपटाला जो राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो कुटुंबकल्याणविषयक उत्कृष्ट चित्रपटाचा. ज्या पत्राने स्त्रीचा स्वतःच्या देहावरील हक्क, लैंगिक सुखाची निर्मळता आणि विचार बोलून दाखविण्याचे स्वातंत्र्य यांसाठी सव्वीस वर्षे झुंज दिली, ते सरकारी वर्गीकरणात कुटुंबनियोजनाच्या खात्यावर जमा झाले! हयात असते तर रघुनाथरावांनी या गोष्टीवर एक झणझणीत टिपण नक्कीच लिहिले असते.

तरीही आदरांजलीसाठी कर्व्यांची निवड होणे स्वाभाविकच होते. चित्रपटाला, आणि खरे पाहता आपल्या सर्वांच्याच स्मरणशक्तीला, न वाकलेला संपादक आवडतो. न्यायाधीशाने विचारावे आणि संपादकाने ताठ मानेने उत्तर द्यावे, हा प्रसंग पडद्यासाठीच घडल्यासारखा असतो. प्रश्न उरतो तो वाकलेल्या संपादकाचा. त्याचे काय करावयाचे? मी ज्या गावात राहतो त्या जबलपूरच्या नियतकालिकांचा इतिहास वाचताना हा प्रश्न मला टाळता येत नाही, कारण त्या इतिहासाच्या मुळाशी माधवराव सप्रे आहेत.

सामान्य मराठी वाचकाला हे नाव फारसे परिचित नाही, आणि हिंदी वाचकाला ते मराठी माणसाचे आहे याचा कित्येकदा विसर पडतो. १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी जन्मलेले माधवराव बिलासपूर आणि रायपूर येथे शिकले आणि पुढे पदवीधर झाले. सरकारी नोकरीची वाट मोकळी असताना ती त्यांनी नाकारली आणि पेंड्रा येथील राजकुमाराचे शिक्षक म्हणून काम पत्करले. त्या शिक्षकीच्या वेतनाच्या आधारावर जानेवारी १९०० मध्ये त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. रामराव चिंचोलकर त्यांचे सहसंपादक आणि वामन बळिराम लाखे मालक. आडनावे पाहिली तर हा मराठी माणसांचा संसार होता, आणि भाषा मात्र हिंदी होती. आज हे आश्चर्याचे वाटेल, पण त्या वेळच्या मध्यप्रांतात ते तसे नव्हते. ज्या घरात स्वयंपाकघराची भाषा मराठी आणि ओसरीवरची हिंदी, अशा घरात वाढलेल्या माणसाला ही अदलाबदल कशी चालते हे सांगावे लागत नाही.

'छत्तीसगढ मित्र' तीन वर्षे चालले आणि डिसेंबर १९०२ मध्ये तोट्यामुळे बंद पडले. खटला नाही, जप्ती नाही, केवळ वर्गणी आली नाही. एप्रिल १९०१ च्या अंकात माधवरावांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही छोटी कथा आली. हिंदीतील पहिली कथा कोणती या वादात तिचे नाव आजही पुढे येते. परंतु माझ्या मते त्या मासिकाचे खरे कार्य ग्रंथपरीक्षणाचे आहे. नव्या पुस्तकाचे स्वागत म्हणजे स्तुती, अशी समजूत रूढ असताना या मासिकाने पुस्तक वाचून, त्याचे गुणदोष दाखवून, कारणांसह मत देण्याचा पाठ घालून दिला. निबंधमाला वाचून ज्यांची दृष्टी घडली त्या पिढीची ही सवय होती, आणि माधवरावांनी ती सवय हिंदीत नेली. मासिक बंद पडल्यावरही ते स्वस्थ बसले नाहीत. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या वैज्ञानिक कोशासाठी त्यांनी अर्थशास्त्राची परिभाषा तयार केली. १९०६ साली नागपूरहून 'हिंदी ग्रंथमाला' सुरू केली आणि तिच्यातून स्वदेशी व बहिष्कार यांवर लिहिले.

१३ एप्रिल १९०७ रोजी नागपुरात 'हिंदी केसरी'चा पहिला अंक निघाला. पुण्याच्या 'केसरी'चा विचार हिंदी प्रदेशापर्यंत पोहोचविणे हा त्याचा उघड हेतू होता. अनुवाद हे येथे केवळ वाङ्मयीन कार्य राहिले नाही. पुण्यात जे लिहिले जात होते, ते कानपूर-अलाहाबादपर्यंत वाचले जाऊ लागले, आणि सरकारच्या दृष्टीने मूळ लेखक व अनुवादक यांत फरक उरला नाही. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. बरोबर एक महिन्याने, २२ ऑगस्टला, माधवरावांना राजद्रोहाच्या कलम १२४ अ खाली अटक झाली. 'देशसेवक'चे अच्युत बळवंत कोल्हटकर यांनाही त्याच वेळी पकडण्यात आले.

यानंतर जे घडले ते चित्रपटात सहसा येत नाही. काही महिन्यांच्या कैदेनंतर, थोरल्या भावाने जिवाची आण घालून केलेल्या आग्रहामुळे, माधवरावांनी सरकारकडे माफी मागितली आणि ते सुटले. टिळक मंडालेला होते. अशा वेळी 'केसरी'चे नाव लावणाऱ्या पत्राच्या संपादकाने क्षमापत्र लिहून द्यावे, याचा अर्थ त्या काळच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यांच्यावर टीका झाली, आणि ती अन्यायाची होती असे मी म्हणणार नाही. संपादकाचा शब्द हा त्याच्या एकट्याचा नसतो. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून ज्यांनी अंक जपून ठेवला, शेजाऱ्याला वाचून दाखविला, प्रसंगी पोलिसांचा ससेमिरा सोसला, त्यांचेही त्यात काही गुंतलेले असते. भाऊ, घर, लहान मुले या सर्व गोष्टी खऱ्या आहेत. वाचकाशी झालेला करारही तितकाच खरा आहे, आणि तो करार त्या दिवशी मोडला.

माधवरावांचे हिंदी चरित्रकार या प्रसंगावरून घाईघाईने पुढे जातात किंवा भावाच्या आग्रहाचे वर्णन इतके वाढवितात की माफी भावानेच मागितली असे वाटावे. मला यापैकी कोणतीच रीत मान्य नाही. स्वतः माधवरावांनी या प्रसंगाला जे उत्तर दिले ते या चरित्रकारांहून अधिक कठोर होते. सुटल्यावर ते संसारात परतले नाहीत. वर्ध्याजवळच्या हनुमानगढीवर श्रीधर विष्णू परांजपे या रामदासी सत्पुरुषाजवळ ते राहिले, मधुकरी मागून जेवले आणि दासबोधाची पारायणे करीत राहिले. पुढे रायपूरला येऊन त्यांनी दासबोध हिंदीत उतरविला. प्रायश्चित्त म्हणून अनुवाद करणारा दुसरा लेखक मला आठवत नाही. आम्हा अनुवादकांना कोणी तरी काम सांगते, मानधन ठरते, मुदत टळते आणि मग आम्ही कामाला लागतो. येथे मात्र एक माणूस दुसऱ्याच्या शब्दांत स्वतःला बुडवून टाकण्यासाठी अनुवाद करीत होता, कारण स्वतःच्या शब्दावरचा त्याचा विश्वास उडाला होता.

पण कथेचे खरे वळण यापुढे आहे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' लिहिले आणि ते १९१५ साली पुण्यात प्रसिद्ध झाले. दुसऱ्याच वर्षी, १९१६ मध्ये, त्याचा हिंदी अनुवाद निघाला. अनुवादक होते माधवराव सप्रे. ज्याने माफी मागितली नाही त्याने तुरुंगात लिहिलेला ग्रंथ, ज्याने माफी मागून तुरुंग सोडला त्याच्या हाती सोपविला गेला, आणि तोही ग्रंथकर्त्याच्या हयातीत, त्याच्या संमतीने. टिळकांच्या मनात काय होते हे त्यांनी लिहून ठेवलेले नाही आणि मीही त्याची कल्पना करीत नाही. परंतु या निवडीने १९०८ च्या माफीवर जो निकाल दिला, तो कोणत्याही टीकाकाराच्या निकालापेक्षा अधिक विचारपूर्वक दिलेला आहे असे मला वाटते. उत्तर भारतातील किती घरांत हा अनुवाद पोहोचला याची गणना कोणी केलेली नाही. माझ्या शेजारच्या हिंदीभाषक कुटुंबात त्याची जीर्ण प्रत देवघराजवळ ठेवलेली मी लहानपणापासून पाहत आलो आहे. मूळ ग्रंथ मराठीत आहे हे त्या घरातील वडीलधाऱ्यांना माझ्याकडून कळले तेव्हा त्यांना प्रथम ते खरेच वाटेना!

यानंतरचे माधवरावांचे कार्य जबलपूरशी निगडित आहे. १९१६ साली हिंदी साहित्य संमेलनाचे सातवे अधिवेशन याच शहरात भरले, आणि शिक्षण देशी भाषांतून द्यावे हा आग्रह त्यांनी तेथे धरला. १९२० च्या आरंभी येथे नियतकालिकांचा जो बहर आला त्याच्या मागेही त्यांचीच प्रेरणा होती. राष्ट्रीय हिंदी मंदिराची स्थापना झाली, 'श्रीशारदा' हे मासिक निघू लागले, आणि १७ जानेवारी १९२० रोजी 'कर्मवीर' या साप्ताहिकाचा पहिला अंक बाहेर पडला. पैसा जमविण्यापासून संपादक निवडण्यापर्यंत माधवराव त्यात होते. मुखपृष्ठावर मात्र संपादक म्हणून माखनलाल चतुर्वेदी यांचे नाव होते. वय पन्नाशीच्या घरात, लेखणी तयार, अनुभव सर्वांहून मोठा, आणि तरीही हा माणूस संपादकाच्या खुर्चीवर बसला नाही. याला नम्रता म्हणावे, की १९०८ मध्ये ती खुर्ची आपण गमावली असा त्यांचा स्वतःचाच निवाडा होता म्हणावे? मला दुसरे कारण अधिक संभवनीय वाटते.

'कर्मवीर'च्या जन्माची एक हकीकत जबलपुरात अजून सांगितली जाते. साप्ताहिकासाठी डिक्लेरेशन घेण्यास माखनलालजी जिल्हा मॅजिस्ट्रेट मिथाइस यांच्यापुढे गेले, तेव्हा एका हितचिंतकाने त्यांच्या खिशात एक अर्ज लिहून दिला होता. आपण गरीब मनुष्य असून पोट भरण्यासाठी हे पत्र काढू इच्छितो, असा त्याचा आशय होता. असे अर्ज त्या काळी सर्रास लिहिले जात. जामीन मागितला जाऊ नये एवढाच त्यांचा हेतू असे. मॅजिस्ट्रेटने, इंग्रजी साप्ताहिक चालू असताना हिंदी साप्ताहिक कशाला हवे, असे विचारले. माखनलालजींनी अर्ज खिशातच ठेवला आणि सांगितले की ते इंग्रजी पत्र भित्रे आहे, आणि मला असे पत्र काढावयाचे आहे की ज्यामुळे तुमचे राज्य चालता चालता थांबेल. मॅजिस्ट्रेटने परवानगी दिली, आणि जामीनही मागितला नाही.

हा प्रसंग मात्र पडद्यासाठीच घडल्यासारखा आहे. उद्या कोणी जबलपूरच्या पत्रसृष्टीवर चित्रपट काढला तर तो येथूनच आरंभ करील, आणि त्यात त्याचे काही चुकणार नाही. फक्त त्याने त्या खिशातील कागदाचे एक निकटचे चित्र घ्यावे, अशी माझी सूचना आहे. बारा वर्षांपूर्वी असाच एक नम्र कागद माधवरावांनी लिहून दिला होता आणि त्याची किंमत त्यांनी मधुकरी मागून भरली होती. माखनलालजी त्यांना गुरुस्थानी मानीत. अशा कागदाने माणसाचे काय होते हे त्या शिष्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते, ते त्याने गुरूच्या चेहऱ्यावर वाचले होते. चरित्रे या दोन कागदांचा संबंध जोडीत नाहीत. मला तो स्पष्ट दिसतो, परंतु पुरावा म्हणून मी तो पुढे करणार नाही.

मे १९२१ मध्ये माखनलालजींना अटक झाली. जबलपूरचा 'कर्मवीर' खंडित झाला आणि ४ एप्रिल १९२५ पासून खंडव्याहून नव्याने निघू लागला. १९२४ साली देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद माधवरावांकडे आले. आपण महाराष्ट्रीय असूनही हिंदीचा अभिमान हिंदीभाषकाइतकाच बाळगतो, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी तेथे काढले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरात त्यांचे निधन झाले. भोपाळमध्ये १९८४ साली स्थापन झालेल्या वृत्तपत्रसंग्रहालयाला त्यांचे नाव दिलेले आहे, आणि जुनी मासिके शोधणाऱ्याला आज तेथेच जावे लागते. 'छत्तीसगढ मित्र'सारख्या जुन्या मासिकाची पाने चाळताना प्रत्येक अंकात वर्गणी पाठविण्याची विनंती भेटते. अँडरसनच्या चित्रपटात जो मजकूर कोठेच नाही, तो आपल्याकडे मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस छापलेला असे.